मीटरवरचे १८.२ आणि नळातलं पाणी

पत्र: "आमची प्रयोगशाळा नव्या जागेत हलते आहे. सात माणसं, एक एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) रोजचं, एलायझा (एन्झाइमच्या रंगावरून प्रथिनं ओळखणारी चाचणी) आठवड्यातून दोनदा, थोडंफार पेशीसंवर्धन. आजवर काचेच्या डिस्टिलेशन संचावर भागवलं. आता पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा घ्यायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. दोन कोटेशनं हातात आहेत. पहिल्यात एकच मोठं यंत्र, रोज १०० लिटर, सगळं पाणी १८.२ मेगाओमचं. दुसऱ्यात आरओ, साठवणीची टाकी आणि तिच्यापुढे एक छोटा पॉलिशर, म्हणजे आरओचं पाणी शेवटी अतिशुद्ध करणारं यंत्र. आमचे विभागप्रमुख म्हणतात, एकदाच घ्यायचं तर सर्वांत शुद्ध देणारं घ्या, म्हणजे कटकट मिटली. पण डेमोच्या वेळी त्या १८.२ च्या पाण्याचा पीएच मी मोजला तर तो ५.८ आला. इतकं शुद्ध पाणी आम्लधर्मी कसं? रोजची गरज अंदाजे ५० लिटर धरली आहे. कोणतं घ्यावं?"

उत्तर:

आधी पीएचचं उरकून टाकू, कारण त्यात यंत्राचा काही दोष नाही. इतकं शुद्ध पाणी हवेत आलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच हळूहळू ५.६-५.७ कडे घसरतो. त्याला सावरून धरणारं दुसरं काहीच त्या पाण्यात नसतं. शिवाय नेहमीच्या पीएच इलेक्ट्रोडला नीट चालायला पाण्यात थोडे तरी आयन लागतात. ते नसले की आकडा हेलकावे खात बसतो, आणि आपण कंटाळून जिथे थांबू तो पीएच. अतिशुद्ध पाण्याची परीक्षा पीएचवर करायची नसते. हे विक्रेत्याच्या माणसाने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, एवढी नोंद मनात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता तुमचा खरा प्रश्न. पत्रात दोन्ही यंत्रांची हकीकत बारकाईने आली आहे, पण नव्या जागेतल्या नळाच्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. ते कळल्याशिवाय या दोन कोटेशनांतलं कोणतंही वाचता येत नाही. तिकडे वळण्याआधी मात्र त्या १८.२ ची धास्ती थोडी कमी करते, कारण तुमच्या विभागप्रमुखांचा सगळा भरवसा त्याच्यावर दिसतो.

१८.२ मेगाओम-सेंटिमीटर ही २५ अंश सेल्सिअसला पाण्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याची ताकद. पाण्यातले सगळे क्षार काढले तरी पाण्याचे स्वतःचे काही रेणू हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांत फुटलेले असतातच, म्हणून थोडी वीज वाहतेच. १८.२ हा तो माथा. त्याच्या वर कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो आणि तुलना करायला तो निरुपयोगी ठरतो. वाहकतेत सांगायचं तर हे ०.०५५ मायक्रोसिमेन्स (दर सेंटिमीटरला; पुढेही तसंच समजा).

क्षारांच्या बाबतीत हा मीटर कमालीचा तिखट आहे. दहा लाख लिटर अतिशुद्ध पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवलं, तर काटा १८.२ वरून साधारण १७.५ वर येईल. गणित करून पाहा, मौज वाटेल. पण त्याच पाण्याच्या एका लिटरात एक ग्रॅम निव्वळ शुद्ध साखर टाका. साखरेचे आयन होत नाहीत, म्हणून मीटरला ती जवळपास दिसतच नाही. पाण्यात सेंद्रिय कार्बन चारशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत चारशे) वर गेलेला असेल आणि पडद्यावर १८ च्या पुढचाच आकडा झळकत असेल. जिवाणू, त्यांच्या पेशीभित्तिकांतून सुटणारं एंडोटॉक्सिन, प्लॅस्टिकमधून झिरपणारी द्रव्यं, डीएनए-आरएनए तोडणारी न्यूक्लिएज एन्झाइमं यांतलं काहीही या मीटरच्या नजरेत भरत नाही. आणि तुमच्या कामांची यादी पाहिली तर तुम्हाला त्रास देणार आहेत ती नेमकी हीच मंडळी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या एचपीएलसीवर एकदा ग्रेडियंटच्या (द्रावकांचं प्रमाण हळूहळू बदलत नेण्याच्या) शेवटाकडे एक आगंतुक पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, यायला लागला. नमुना टोचला तरी यायचा, नुसता ब्लँक चालवला तरी यायचा. कॉलम बदलला, अॅसिटोनायट्रायलची बाटली बदलली, डिगॅसर तपासला, इंजेक्टर उघडून धुतला. पाण्यावर कोणाचा संशयच नव्हता, कारण पॉलिशरच्या पडद्यावर रोज १८.२. तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी बाटली भरताना लक्ष गेलं की यंत्राच्या तोटीला वीतभर मऊ प्लॅस्टिकची नळी खोचलेली आहे. बाटलीत पाणी पडताना शिंतोडे उडू नयेत म्हणून कोणीतरी भल्या मनाने लावलेली. रात्रभर तिच्यात अडकलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा बाहेर पडायचं, आणि नळी आतून बोटाला बुळबुळीत लागत होती. ती काढून फेकली, दोन लिटर पाणी वाहू दिलं, नवा मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) बनवला. पीक गेला. मीटर त्या नळीच्या अलीकडे बसवलेला होता. तो खोटं बोलत नव्हता, नळी त्याच्या हद्दीबाहेर होती एवढंच.

तेव्हा तुमच्या यादीकडे पाहू या. हातात पेन घ्या आणि प्रत्येक कामापुढे "या पाण्यात काय नसलं पाहिजे" ते लिहा.

एचपीएलसीला सेंद्रिय द्रव्यं नकोत. त्यासाठी टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, पाहायचा. ग्रेडियंटचं काम असेल आणि २१० नॅनोमीटरच्या आसपास वाचत असाल तर टीओसी १० पीपीबीच्या (अब्ज भागांत दहा) खाली असावा असा माझा आग्रह राहील. एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी ११९३ या मानकात पहिल्या प्रतीच्या पाण्यालासुद्धा ५० पीपीबीपर्यंत मुभा आहे, म्हणून नुसतं "टाइप वन" लिहिलेलं पाहून समाधान मानू नका. १० च्या खाली उतरायचं तर पॉलिशरमध्ये १८५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा लागतो. नेहमीचा २५४ नॅनोमीटरचा दिवा जिवाणू मारतो, तर १८५ चा सेंद्रिय रेणू तोडून त्यांचे आयन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, आणि ते पुढच्या रेझिनमध्ये, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या दाण्यांत, अडकतात. म्हणजे दिव्यानंतर रेझिन असलंच पाहिजे. दिवा कुठला आहे हे कोटेशनमध्ये बहुतेकदा लिहिलेलं नसतं. विचारा.

एलायझाचं दुखणं वेगळं. पाण्यात जिवाणू वाढले की त्यांच्याबरोबर अल्कलाइन फॉस्फटेजही येतं, आणि तुमच्या किटमध्ये तेच एन्झाइम लेबल म्हणून वापरलेलं असेल तर चाचणीच्या ताटलीतल्या रिकाम्या खळग्यांतही रंग उमटतो. लोक मग वॉशिंगची आवर्तनं वाढवतात, म्हणजे तेच पाणी आणखी ओततात.

पेशीसंवर्धनाला एंडोटॉक्सिन नको. इथे एक गैरसमज फार पक्का आहे: ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलं) की झालं. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन तसंच राहतं. काचसामानावरून ते घालवायला कोरड्या भट्टीत २५० अंशांना अर्धा तास ठेवतात, आणि पाण्याला तसं भाजता येत नाही. म्हणून तोटीवर अल्ट्राफिल्टर बसवायचा. तोच न्यूक्लिएजही अडवतो. पीसीआरला मात्र तुम्हाला दिवसाला जेमतेम काही मिलिलिटर पाणी लागत असेल. त्यासाठी न्यूक्लिएजमुक्त पाण्याच्या छोट्या सीलबंद बाटल्या घ्या, लहान ट्यूबांत वाटून ठेवा आणि मोकळे व्हा. मिलिलिटरभर पाण्यासाठी यंत्राची निवड बदलू नका.

तुमच्याकडे आयसीपी-एमएस (अतिसूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) नाही, म्हणून बोरॉन आणि सिलिकाच्या भानगडीत शिरत नाही.

उरली काचेची भांडी, ऑटोक्लेव्ह, वॉटरबाथ आणि इन्क्युबेटरचा ट्रे. तुमचे ५० लिटर कुठे जातात ते इथे कळेल. माझ्या अंदाजाने त्यातले चाळीस लिटर याच चौघांच्या पोटात जातात, आणि त्यांना १८.२ चं पाणी लागत नाही, उलट काही ठिकाणी ते चालतही नाही. ऑटोक्लेव्हमधले आणि वॉटरबाथमधले काही पातळी-सेन्सर पाण्यातून वीज वाहते की नाही यावरच पाणी ओळखतात. त्यांना अतिशुद्ध पाणी दिलं तर भांडं काठोकाठ भरलेलं असूनही यंत्र "पाणी नाही" म्हणून ओरडतं. शिवाय असं पाणी हपापलेलं असतं. ते धातूतून, जोडांतून जे मिळेल ते ओरबाडून घेतं. म्हणून कित्येक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरांच्या पुस्तिकेत ट्रेमध्ये अतिशुद्ध पाणी घालू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. तुमच्या उपकरणांच्या पुस्तिका काढा आणि पाण्याचं पान वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते केलेली माणसं मला क्वचितच भेटली आहेत.

विभागप्रमुखांना हे सांगा. "सगळ्यासाठी सर्वांत शुद्ध" म्हणजे फ्लास्क विसळण्यासाठी पॉलिशिंग कार्ट्रिज जाळायची आणि ऑटोक्लेव्हचा सेन्सर आंधळा करून ठेवायचा. कटकट मिटत नाही, दर काही महिन्यांनी कार्ट्रिजच्या बिलाच्या रूपाने परत येते.

आकडा मात्र माझ्या अंदाजावर ठेवू नका, तुमच्याही नाही. जुन्या डिस्टिलेशन संचाशेजारी एक कागद चिकटवा, दोरीला पेन बांधा आणि दोन आठवडे प्रत्येकाने किती लिटर घेतलं आणि कशासाठी घेतलं ते लिहायला लावा. त्यासोबत वेळही लिहा. रोज ५० लिटर लागणं वेगळं आणि सकाळी दहा ते अकरा या तासात ३० लिटर लागणं वेगळं. ताशी ८ लिटर करणारा आरओ दिवसाची गरज आरामात भागवेल, पण सकाळचा तो तास टाकीनेच काढून द्यायचा असतो. टाकीचं माप त्या गर्दीच्या तासावरून ठरतं.

आता नळ. नव्या जागेत जाऊन पाणी भरून आणा आणि या गोष्टी तपासा: वाहकता, कठीणपणा, मुक्त क्लोरीन, क्षारता, सिलिका, आणि जमल्यास लोह. पाण्याचा दाब आणि तापमानही मोजा. एकाच दिवसाच्या नमुन्यावर जाऊ नका. ऋतू पालटला, पुरवठ्याचा स्रोत बदलला की आकडे पार बदलतात. त्या इमारतीत आधीपासून कोणी असेल तर त्यांच्याकडे जुने अहवाल मागा.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका उदाहरणाने दाखवते. समजा नळाच्या पाण्याची वाहकता ५०० मायक्रोसिमेन्स आहे. आरओचं मेम्ब्रेन चांगलं असेल तर ९७ टक्के क्षार अडवेल, म्हणजे पुढे १५ मायक्रोसिमेन्सचं पाणी जाईल. वर्ष-दोन वर्षांत मेम्ब्रेन थकून ९४ टक्क्यांवर आलं असं धरा. तीन टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ. पण पुढे जाणारं पाणी आता ३० मायक्रोसिमेन्सचं आहे. पॉलिशरमधल्या रेझिनवरचा बोजा दुप्पट झाला आणि तिचं आयुष्य निम्म्यावर आलं. पडद्यावर मात्र रेझिन संपेपर्यंत १८.२ च दिसत राहणार. म्हणून मी म्हणते, पॉलिशरच्या आकड्यापेक्षा आरओनंतरच्या वाहकतेचा आकडा रोज वहीत लिहा. मेम्ब्रेन आजारी पडतंय हे तो आकडा आधी सांगतो.

यावरून दुसऱ्या कोटेशनचं भवितव्यही ठरतं. आयएसओ ३६९६ या मानकात तिसऱ्या प्रतीच्या, म्हणजे साध्यासुध्या प्रयोगशाळेच्या पाण्याला ५ मायक्रोसिमेन्सची मर्यादा आहे. नळाचं पाणी १५० चं असेल तर नुसता आरओ तुम्हाला त्या मर्यादेत आणून सोडतो. नळाचं पाणी ८०० चं असेल तर आरओनंतर २४ उरतात, आणि काचसामानाच्या शेवटच्या विसळणीलाही ते पाणी वापरताना मला संकोच वाटेल. वाळल्यावर पाइपेटच्या टोकाशी पांढुरकं कडं दिसायला लागतं. अशा ठिकाणी आरओ आणि टाकी यांच्यामध्ये आणखी एक पायरी लागते. ती डीआय (आयन काढणाऱ्या) रेझिनच्या सिलिंडरची असू शकते किंवा ईडीआयची, म्हणजे विजेच्या मदतीने आयन काढण्याची. ईडीआयमध्ये रेझिन असतंच, पण विजेच्या जोरावर ते सतत ताजंतवानं होत राहतं, बदलावं लागत नाही. पाणी साधारण ५ ते १५ मेगाओमचं मिळतं. मात्र त्याला येणारं पाणी मृदू लागतं, नाहीतर आत चुना धरतो, आणि कार्बन डायऑक्साइड फार असला तरी ते दमतं. दिवसाला पन्नास लिटरसाठी मी आधी सिलिंडरचा हिशेब करून पाहीन, आणि तो महिन्या-दीड महिन्याने बदलावा लागणार असं दिसलं तरच ईडीआयकडे वळेन.

(मानकांवरून आठवलं. "टाइप टू म्हणजे टाइप थ्रीपेक्षा शुद्ध" हे सरसकट धरून चालू नका. एएसटीएमच्या तक्त्यात टाइप टूची वाहकता १ मायक्रोसिमेन्सपर्यंत चालते आणि टाइप थ्रीची फक्त ०.२५ पर्यंत. कारण टाइप टू हे डिस्टिलेशनने करायचं पाणी आहे आणि त्याचा कस सेंद्रिय कार्बनवर लागतो. विक्रेता "टाइप टू" म्हणाला की कोणत्या मानकाचा, एवढं विचारा आणि चेहरा बघा.)

क्लोरीनकडे विशेष लक्ष द्या. हल्लीची आरओची मेम्ब्रेनं बहुतेक पॉलिअमाइडची असतात आणि क्लोरीन त्यांना खातो. म्हणून आरओच्या आधी सक्रिय कार्बनचा फिल्टर असतो. पण कार्बनने क्लोरीन काढला की पुढच्या पाण्याला जिवाणूंपासून कसलंच संरक्षण उरत नाही, आणि कार्बनच्या दाण्यांवर त्यांची वस्ती छान होते. म्हणजे हा फिल्टर "अजून चालतोय" म्हणून लांबवायचा नसतो. कार्बननंतरच्या पाण्यात आठवड्यातून एकदा क्लोरीनची पट्टी बुडवा. रंग आला की त्याच दिवशी कार्ट्रिज बदला, दुसऱ्या दिवशी नाही. कठीणपणा जास्त असेल तर आरओच्या आधी सॉफ्टनरही लागेल. तो कोटेशनमध्ये नसेल तर नंतर "साहेब, तुमचं पाणीच खराब आहे" असं ऐकावं लागतं.

तापमानाचंही तसंच. आरओची क्षमता २५ अंशांच्या पाण्यावर सांगितलेली असते आणि पाणी एक अंशाने थंड झालं की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटतं. ताशी १० लिटरचं यंत्र १५ अंशांच्या पाण्यावर जेमतेम ७ लिटर देईल. तुमच्याकडे हिवाळ्यात टाकीचं पाणी गारठत असेल तर हे धरूनच माप घ्या. आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त पाणी सोडून देतो, तेव्हा सिंकपाशी मोरीची सोय आहे का हेही पाहा. हे सोडलेलं पाणी फरशी पुसायला किंवा भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं.

टाकीकडे कोणी पाहत नाही आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. अर्धपारदर्शक टाकी उजेडात ठेवली तर आत शेवाळ धरतं. तळ सपाट असेल तर ती कधी पूर्ण रिकामी होत नाही. पाणी उपसलं की टाकी हवा आत ओढते, म्हणून तिच्या श्वासाच्या तोंडावर जिवाणू आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही अडवणारा फिल्टर हवा. निमुळत्या तळाची, अपारदर्शक, आत यूव्ही असलेली आणि तुमच्या एका दिवसाच्या गरजेपेक्षा फार मोठी नसलेली टाकी मागा. "मोठी घ्या, दोन दिवस चालेल" हा सल्ला ऐकू नका. दोन दिवस उभं राहिलेलं पाणी काल केलेल्या पाण्यापेक्षा बरं असायचं काही कारण नाही.

काचेत साठवावं का, असं पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगते. पाणी उकळलं की मागे माती उरते, अर्थात पाण्याचीच माती होते, असा एके काळी समज होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७६८-६९ साली बंद काचेच्या भांड्यात पाणी १०१ दिवस तापवत ठेवलं, आधी आणि नंतर सगळं तोललं, आणि दाखवलं की ती "माती" भांड्याच्या काचेतून आलेली आहे. भांड्याचं वजन घटलं होतं. काच आजही सोडियम आणि सिलिका सोडते, प्लॅस्टिक सेंद्रिय द्रव्यं सोडतं. म्हणून एचपीएलसीचं पाणी काचेत घ्या, धातूंच्या अतिसूक्ष्म मोजमापाचं प्लॅस्टिकमध्ये, आणि अतिशुद्ध पाणी उद्यासाठी कशातच ठेवू नका. लागेल तेव्हा काढा.

या सगळ्यावरून माझा कल दुसऱ्या कोटेशनकडे आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आरओ आणि टाकीतून काचसामान, ऑटोक्लेव्ह, वॉटरबाथ, तर पॉलिशरमधून बफर, एचपीएलसी, एलायझा, पेशीसंवर्धन. नळाचा अहवाल हाती आला की मधली डीआयची पायरी घालायची की नाही ते ठरवा. पॉलिशरमध्ये १८५ चा दिवा, बदलता येणारा अल्ट्राफिल्टर आणि टीओसीचा मीटर मागा. आणखी एक: पॉलिशर पाणी आतल्या आत ठरावीक वेळाने फिरवत राहतो की बंद असताना तसंच उभं ठेवतो, हे विचारा. उभं ठेवणारा नको.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. एकच यंत्र असलं की बिघाडाला एकच फोन लागतो. दोन भाग वेगवेगळ्या विक्रेत्यांचे घेतलेत तर आरओवाला पॉलिशरकडे बोट दाखवणार आणि पॉलिशरवाला आरओकडे. हे मी अनुभवलं आहे आणि त्यात पंधरा दिवस सहज जातात. शक्य तर दोन्ही एकाकडूनच घ्या.

सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून काही गोष्टी लेखी घ्या. नळाच्या पाण्याचा अहवाल त्याला द्या आणि "या पाण्यावर, रोज इतके लिटर काढले तर" कोणतं कार्ट्रिज किती दिवस चालेल ते लिहून मागा. "साधारण वर्षभर" हे उत्तर नव्हे. कार्ट्रिज दुसऱ्या कोणाचं चालतं की चिप लावून फक्त स्वतःचंच चालवतात? पाच वर्षांत कार्ट्रिज, दिवे, फिल्टर आणि मेम्ब्रेन मिळून किती खर्च होईल? अनेकदा हा आकडा यंत्राच्या किमतीच्या पुढे जातो, आणि स्वस्त कोटेशन कुठे महाग पडतं ते तिथे उघड होतं. पडद्यावरचा आकडा २५ अंशांना जुळवून दाखवलेला आहे की पाण्याच्या खऱ्या तापमानाचा? टीओसी खरंच मोजतो की हिशेबाने दाखवतो? मीटरचं कॅलिब्रेशन कोण करणार, प्रमाणपत्रासह? निर्जंतुकीकरण किती दिवसांनी, कशाने, आणि ते आपल्याला करता येतं की दर वेळी माणूस यावा लागतो? ज्याने पीएचचं कोडं उलगडून सांगितलं नाही त्याची ही उत्तरं जरा नीट ऐका.

यंत्र आल्यावर दोन-चार सवयी पहिल्याच आठवड्यात लावा. सकाळी पहिलं लिटर-दोन लिटर पाणी बाटलीत घेऊ नका, भांडी विसळायला वापरा. बाटली भरताना धार काठावरून सोडा, बुडबुडे आणि फेस होऊ देऊ नका. वॉश बॉटलमधलं पाणी रोज बदला. महिनोन्‌महिने त्याच बाटलीत वरून भर घालत राहणं म्हणजे जिवाणूंना खानावळ घालून देणं. महिन्यातून एकदा तोटीचं पाणी आर-टू-ए अगारवर लावून पाहा. नेहमीच्या पोषक अगारवर शुद्ध पाण्यातले उपाशी जिवाणू नीट वाढत नाहीत आणि ताट कोरं पाहून उगाच आनंद होतो. तोटीच्या वर एक पाटी लावा: नळी जोडू नये. आमच्याकडे ती अजून आहे, लॅमिनेट केलेली.

आणि तो जुना काचेचा डिस्टिलेशन संच मोडीत काढू नका. लिटरमागे सुमारे ०.७ युनिट वीज आणि दहा-पंधरा लिटर थंड पाणी खातो, हे खरं. पण आरओचा पंप बसला, मागवलेलं नवं मेम्ब्रेन वाटेत अडकलं, तर ऑटोक्लेव्ह आणि बफर त्याच्यावर चालू राहतील. हीटर आधी उतरवून वेगळा बांधा, कंडेन्सर दोन टॉवेलांत गुंडाळा, आणि खोक्यावर "नाजूक" लिहून सामान हलवणाऱ्यांच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या हाताने न्या.